एकच गिलास आणि ७५ टक्के हजेरी

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, बीएस्सी सेकंड इयरला आहे, रोज एसटीने अपडाऊन करतो. आमच्या कॉलेजात पोळ्याच्या आधीपासून जो ताप-खोकला घुसला तो अजून काही निघायचं नाव घेत नाही. आधी झूलॉजीच्या बॅचमधले चार पोट्टे पडले, मग अर्धी बॅच, मग लॅबवाले काका, आता ऑफिसमधल्या मॅडम. सगळे म्हणून राहिले वायरल आहे वायरल आहे, म्हणजे जसा काही पाऊसच, येणार म्हणजे येणार, आपण काय करणार.

कॉलेजने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. गेटवर फ्लेक्स लागला, हात धुवा, मास्क लावा, खोकताना रुमाल धरा. पण हात धुवायला गेलं तर नळाचं पाणी अकरालाच संपलेलं असते आणि साबण तर मी फर्स्ट इयरपासून पाहिला नाही. फ्लेक्सच्या बाजूलाच पाण्याची टाकी आहे, तिला साखळीने बांधलेला एकच स्टीलचा गिलास, तो कोणी चोरू नये म्हणून साखळी, आणि दिवसभर अख्खं कॉलेज त्यालाच तोंड लावून पिते. स्टील-प्लास्टिकवर हा फ्लूचा विषाणू २४ तासाच्या वर जिवंत राहू शकते म्हणतात. गिलास काढून टाका आणि ज्याने त्याने घरून बाटली आणा, एवढं सांगायला कोणता फंड लागते?

पण माझं खरं म्हणणं हजेरीबद्दल आहे. ७५ टक्क्याच्या खाली गेलं की फॉर्म अडकतो, प्रॅक्टिकल बुडलं की इंटर्नलचे मार्क गेले, म्हणून तापातही पोरं येतात. मी पण गेलो होतो, खोटं काहून बोलू. सकाळी १०१ ताप, पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला, एसटी पकडली, पाऊस होता म्हणून गाडीच्या सगळ्या काचा बंद, लॅबमध्ये दोन तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो, माझ्यानंतर त्याच मायक्रोस्कोपवर आणखी तिघं. सही झाली, हजेरी लागली. तीन दिवसांनी आमची आजी पडली. आजीचं वय सत्तरच्या वर, त्यात शुगर, खोकला छातीत उतरला, न्यूमोनिया झाला आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले, इकडे सोयाबीनची फवारणी तशीच राहिली. माझ्याकडूनच गेला असं कोणी सिद्ध नाही करू शकत, पण घरात आधी मीच खोकलून राहिलो होतो.

तिथल्या डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावून सांगितलं. गोळीने ताप उतरते, फ्लू पसरायचा थांबत नाही. माणूस आजारी दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस तो दुसऱ्याला देऊ शकते, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त. म्हणून गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तब्येतही सुधरून राहिली, तरच बाहेर पडायचं, आणि त्यानंतरही चार-पाच दिवस मास्क. आम्ही गोळीचा असर चार-सहा तास राहते तेवढ्यात प्रॅक्टिकल उरकून येतो, म्हणजे बरोबर उलटं.

दुसरी गोष्ट मेडिकलवर मिळणाऱ्या अँटिबायोटिकच्या त्या तीन गोळ्यांच्या पत्त्याची. फ्लू विषाणूचा, अँटिबायोटिक जिवाणूवरची, तिचा इथे काहीच उपयोग नाही, तरी सगळे घेतात आणि वरून सलाईन लावून घेतात, सलाईन लावल्याशिवाय आमच्याकडे कोणाला बरं झाल्यासारखं वाटतच नाही. फ्लूचं खरं औषध वेगळं आहे, डॉक्टरच देतात, आणि ते पहिल्या ४८ तासात चालू झालं तर जास्त फायद्याचं. या दिवसात डेंग्यूही असते, तेव्हा ताप तीन दिवस हटला नाही की रक्त तपासा, आणि दम लागला तर तेवढीही वाट पाहू नका. घरात आजीसारखं कोणी असेल तर फ्लूच्या लसीचं विचारून घ्या, ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि असर व्हायला दोनेक आठवडे लागतात. आम्हाला हे आधी कोणी सांगितलंच नाही.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला, १४ वर्षाची शाळकरी मुलगी होती, तेव्हा तिकडे शाळा-कॉलेज बंद ठेवले होते. कॉलेज बंद करा असं मी म्हणत नाही, तेवढी वेळ नाही आली. फक्त ताप असलेल्या पोराला पाच दिवस घरी राहू द्या, हजेरी कापू नका, प्रॅक्टिकल नंतर करून घ्या. आणि त्यासाठी तालुक्याला जाऊन पैसे मोजून मेडिकल सर्टिफिकेट आणायला लावू नका, गावच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी चालू द्या, नाहीतर घरी एक फोन लावून विचारा. लॅबच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, कबुतरं येतात म्हणून त्या खिळे ठोकून बंद केल्यात, जाळी लावा ना बापा.

सोमवारी आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल आहे. बाजूच्या टेबलवाला मित्र काल रात्री फोनवर सारखा खोकलून राहिला होता, मी म्हटलं भाऊ तू येऊ नको. तो म्हणे माझी हजेरी ७१ वर आहे.

आपला एक वाचक,
बीएस्सी भाग २, जि. यवतमाळ