इंजिनाला रंग नको, आधी तपासणी हवी : मदतीचे आवाहन

उद्यानाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या वाफेच्या इंजिनासाठी समिती निधी गोळा करते आहे हे कळल्यावर बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "रंग कधी देणार?" रंग देणार नाही. निदान इतक्यात तरी नाही. जमेल तो पैसा आधी इंजिनाची नीट तपासणी करायला आणि ते कोरडे ठेवायला लागणार आहे. यातले काहीच बाहेरून झळकणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

उघड्यावरचे इंजिन बाहेरून कमी आणि आतून जास्त सडते. धुरांड्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये जुनी राख साचलेली असते आणि त्या राखेत कोळशातले गंधक उरलेले असते. धुरांड्यातून पाऊस आत गेला की तिथे सौम्य आम्ल तयार होते आणि ते तळाचा पत्रा खात राहते. बॉयलरभोवतीच्या पातळ पत्र्याच्या आवरणात शिरलेले पाणी तर महिनोन् महिने सुकत नाही. त्यावर दर काही वर्षांनी ऑइलपेंटचा थर चढवला की ओल आतच कोंडते. हौसेने दिलेल्या रंगाने इंजिने वाचतात तितकीच मरतातही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या इंजिनांत या आवरणाखाली उष्णता राखण्यासाठी अनेकदा अस्बेस्टॉस भरलेले असे, आणि जुन्या रंगात शिसे. दोन्हींची धूळ श्वासात जाणे घातक. त्यामुळे नमुने प्रयोगशाळेत तपासून होईपर्यंत कोणीही पत्रे उचकटू नयेत, रंग खरवडू नये. श्रमदानाला येणाऱ्या तरुण मित्रांना ही विशेष विनंती.

तपासणीत बॉयलरच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने जागोजागी मोजली जाईल. मग फायरबॉक्सचे, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचे, स्टे. फायरबॉक्सचा आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना धरून ठेवणारे हे शेकडो बोल्ट एकेक करून हातोडीने वाजवून पाहावे लागतात. धड असलेला स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. तो फरक ओळखणारा कान जुन्या बॉयलरमेकरांकडे आहे, आणि ती माणसे आता थकली आहेत. तुमच्या घरात, नात्यात कोणी लोको शेडमध्ये काम केलेले असेल तर त्यांना जरूर घेऊन या. शिडी चढायला लावणार नाही. खुर्ची टाकून देऊ, हातोडी पोरे मारतील, त्यांनी फक्त ऐकायचे.

हे इंजिन पुन्हा चालवा, असाही आग्रह होतो. १८५५ साली बनलेली 'फेअरी क्वीन' ही वाफेची आगगाडी १९९७ मध्ये प्रवासी घेऊन धावली, हे उदाहरण आम्हाला दर बैठकीत ऐकवले जाते. पण तिच्यामागे रेल्वेचा अख्खा कारखाना होता. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते; अशा दाबाला झिजलेला बॉयलर जुंपणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय चालते ठेवायचे तर जुने भाग काढून नवे घालावे लागतात. आमचे म्हणणे, हे इंजिन उभेच राहू दे, पण अस्सल राहू दे.

निधी आला तसा खर्चाचा क्रम असा राहील: तपासणी आणि प्रयोगशाळा, स्मोकबॉक्सची सफाई, धुरांड्यावर झाकण, रॉड आणि चाकांच्या जोडांना ग्रीस, आणि डोक्यावर छप्पर. छप्पर सर्वांत खर्चिक आणि सर्वांत गरजेचे. एवढे करून काही उरलेच तर रंग, तोही जुने थर तज्ज्ञांकडून उलगडून मूळ छटा सापडल्यावर. देणगी समितीच्या कार्यालयात द्यावी आणि पावती न घेता जाऊ नये. जमाखर्च इंजिनाजवळच्या फलकावर लावला जाईल.

शेवटी दोन गोष्टी पैशाच्या नाहीत. इंजिनावरची पितळी पाटी, प्रेशर गेज आणि शिट्टी वर्षानुवर्षांत नाहीशी झाली. ती कोणाच्या दिवाणखान्यात असतील तर परत द्यावीत. कुठून मिळाली हे विचारणार नाही आणि नाव कोणाला सांगणार नाही. आणि जुने फोटो द्यावेत. सगळे जण इंजिनासमोर उभे राहून फोटो काढतात, त्यामुळे पुढची बाजू आमच्याकडे भरपूर आहे. हवी आहे ती चालकाची केबिन, टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) आणि डावी बाजू. फोटोत काका-मावशी मध्ये आल्या असतील तरी चालेल.