चि. बाळास

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा तू नगरपरिषदेची निवडणूक लढवणार असल्याचे सांगितलेस आणि मी मध्येच फोन ठेवला, ते चुकले. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते. तुला अडवायचे नव्हते. दवाखाना बंद करू नकोस, एवढेच सांगायचे होते.

आजोबा डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याविषयी बोलू लागले की जेवणे लांबत, ते तुला आठवत असेल. पनवेलला जन्मलेले, लाहोरला वैद्यक शिकलेले खरे नागपुरात डॉक्टर होते आणि १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले. वर्षभरात प्रांताच्या हिंदी भागातल्या, म्हणजे महाकोशलच्या, मंत्र्यांशी त्यांचे बिनसले. जुलै १९३८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पण रविशंकर शुक्लांसह तिघे मंत्री पद सोडीनात. तेव्हा गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ करून पुन्हा खऱ्यांनाच मंत्रिमंडळ बनवायला बोलावले. त्यात त्यांनी अग्निभोज या दलित सहकाऱ्याला घेतले, हे आजोबा आवर्जून सांगत. काँग्रेसश्रेष्ठींनी मात्र शिस्तभंग मानून त्यांना पायउतार व्हायला लावले आणि शुक्ल त्या जागी आले. पुढे व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, अलवर संस्थान, हिंदु महासभेचे अध्यक्षपद, लोकसभा. एवढ्या वळणांच्या आयुष्यात नाडी पाहायला हात कितीसा मोकळा राहिला असेल, हेच मला सारखे वाटते.

पाहा, पुन्हा दवाखान्यावरच आलो. उपदेश होतो आहे, रागावू नकोस. पण कलकत्त्याचे डॉ. बिधानचंद्र रॉय १९४८ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, मुख्यमंत्री होते आणि तरीही सकाळी रोग्यांना विनामूल्य तपासत. तुला निदान सकाळचे दोन तास काढता येणार नाहीत का?

तुझी पाटी रंगवून आणली त्या दिवशी ती मी एस.टी.त मांडीवर धरून आणली होती. शेजारच्या म्हातारीने नाव वाचायला सांगितले आणि मी ते दोनदा वाचले. ते नाव आता प्रचाराच्या फलकावर दिसेल, आणि मला अभिमान वाटेल, यात शंका नाही. तुझ्या काकांचे जे झाले ते मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

अर्ज भरायला येईन. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या आहेत. तिला सोमवारी दवाखान्यातच आणू ना?

तुझे बाबा