तिकीट नाकारणे ही पाठ फिरवणे नव्हे

महोदय,
इंडियन सुपर लीगमध्ये खेळणाऱ्या केरळ ब्लास्टर्स या फुटबॉल क्लबच्या ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, व्यवस्थापनाच्या निषेधार्थ सामन्यांची तिकिटे विकणार नसल्याचे जाहीर केले. त्यांच्या निष्ठेवर यावरून शंका घेणे अन्यायाचे ठरेल. २०१४ साली नवी मुंबईत, २०१६ साली घरच्या कोचीत आणि २०२२ साली गोव्यातील फातोर्ड्यात असे लीगचे तीन अंतिम सामने संघ हरूनही हाच समुदाय पिवळ्या जर्सीत परत परत मैदान भरत राहिला. पहिल्या पराभवाच्या वेळी डी. वाय. पाटील स्टेडियमवर मी स्वतः उपस्थित होतो आणि हरल्यावरही संघासाठी वाजलेल्या टाळ्या मला आजही आठवतात. पराभव चाहता सोसतो. मात्र सहल अब्दुल समद, जीक्सन सिंग यांच्यासारखे संघात घडलेले खेळाडू एकामागून एक दुसऱ्या क्लबांकडे जातात आणि त्या तोडीचे पर्याय येत नाहीत, तेव्हा आपल्या पैशाचे आणि आवाजाचे व्यवस्थापनाला मोल नाही, अशी त्याची खात्री होते. समाजमाध्यमांवरील संतापाकडे दुर्लक्ष करता येते, रिकाम्या खुर्च्यांकडे नाही. शिवाय त्या दूरचित्रवाणीवर प्रायोजकांनाही दिसतात. क्लबने या चाहत्यांशी समोरासमोर बसून खेळाडू खरेदी-विक्रीचे धोरण स्पष्ट करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, नवी मुंबई