काट्याचा दोरा निसटलेला रेडिओ

पुणे

प्रिय दिल्या,

परवा रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो पान्यांचा सेट बघायला, आणि घेऊन आलो ट्रान्झिस्टर. बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. कातडी कव्हर, पुढे भोकाभोकांची जाळी, थेट तुझ्या अण्णांच्या सेटचा सख्खा भाऊ. स्टेशन दाखवणाऱ्या काट्याचा दोरा तेवढा निसटलाय. बटण फिरतं, काटा ढिम्म. सेल घातले आणि आंधळ्यासारखा चाचपडत बसलो. नुसती खरखर.

मग अण्णा आठवले. स्टेशन नीट लागेना की ते अख्खा सेटच जागच्या जागी फिरवायचे, आणि आपण हसायचो. म्हाताऱ्याचं बरोबर होतं लेका! आत फेराइटची कांडी असते. ती मनोऱ्याच्या दिशेला आडवी धरली तर लहर पकडते, टोक तिकडे झालं की आवाज मरतो. आकाशवाणी पुणे केंद्राच्या हडपसरच्या मनोऱ्याचा अंदाज घेऊन सेट वळवला आणि ७९२ किलोहर्ट्झ खणखणीत लागलं. एलईडीचा दिवा मात्र घालवावा लागला, नाहीतर माशी अडकल्यासारखी गुणगुण.

त्या नादात पुणे केंद्राचं जुनं काय काय वाचत बसलो. सुरुवात २ ऑक्टोबर १९५३ ची. गीतरामायणाचं तुला मी काय सांगणार, पण एक गंमत मला ठाऊक नव्हती. १ एप्रिल १९५५ ची रामनवमी ते पुढची रामनवमी, दर आठवड्याला एक गीत, म्हणजे हिशेबाने ५२. नेमका त्या वर्षी अधिक भाद्रपद आला! गदिमा आणि बाबूजींना चार आठवडे जास्तीचे भरावे लागले, म्हणून गीतं ५६. पंचांगाने वाढवून मागितलेलं काम.

मला स्वतःला १९५६ चा प्रयोग जास्त भावला. युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे २० कार्यक्रम. शेतकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग आपसात भांडायचं (हा भाग आपल्या गावाला शिकवावा लागला नसता), आणि शंका केंद्राला कळवायच्या. उत्तरं पुन्हा रेडिओवरून. पुढे ही पद्धत देशभर नेली. व्यंकटेश माडगूळकर त्याच सुमाराला केंद्रात आले आणि वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळत राहिले. थोरला भाऊ गदिमा अयोध्येत, धाकटा बांधावर! आपण ‘रेडिओ सांगतो, आपण ऐकतो’ एवढंच धरून बसलो होतो. ऐकायचं काम तिकडेही चालू होतं.

२०२३ च्या जूनमध्ये इथला वृत्तविभाग हलवायचं घाटत होतं. लोकांनी ओरड केली, निर्णय थांबला. सकाळी सातच्या ठोक्यानंतर लागणाऱ्या त्या बातम्या आठवतात ना? त्या सुरू झाल्या आणि अंघोळ राहिली असली, की अण्णांचा हात तयारच.

रात्री सेट गच्चीवर नेला. अंधार पडला की लांबलांबची स्टेशनं येऊन घुसतात, एक तर कुठल्या भाषेत होतं तेही कळेना. बराच वेळ ऐकत बसलो.

आता काम. अण्णांचा सेट माळ्यावर असेल तर मागचं झाकण उघड. दोरा चाकाला किती वेढे घेऊन काट्याकडे जातो त्याचा नीट फोटो काढून पाठव. आणि स्प्रिंग सांभाळ, उडते.

तुझा,
बाळ्या