छायाचित्राखाली शटर आणि अ‍ॅपर्चरही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्र दिनानिमित्त आपण वाचकांची छायाचित्रे प्रसिद्ध केलीत, त्याबद्दल आभार. प्रत्येक छायाचित्राखाली नाव व गाव होते. परंतु ते कोणत्या शटर स्पीडला (म्हणजे शटर किती वेळ उघडे ठेवून), कोणत्या अ‍ॅपर्चरवर (म्हणजे लेन्सचे छिद्र किती उघडून) आणि कोणत्या वेळच्या उजेडात टिपले, याचा उल्लेख नव्हता. नुसते चांगले छायाचित्र पाहून कौतुक वाटते, ते कसे निघाले हे मात्र कळत नाही. आपल्या जिल्ह्यांत हौसेने कॅमेरा हाती धरणारी मुले आता गावोगावी दिसतात. त्यांना महागड्या लेन्सपेक्षा या माहितीची गरज अधिक आहे, असे माझे मत आहे.

एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ येते, हा अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) यांचा आपसांतला हिशेब. ऑटो मोड तो परस्पर उरकून टाकतो आणि फोटो बरा येत असल्यामुळे आपल्याला काही शिकायचे राहिले आहे, हे ध्यानातच येत नाही. हिशेब समजून घ्यायचा तर जागा तीच, वेळ तीच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ओळीच्या तोंडाशी उभे राहिले, की याचा उत्तम सराव होतो. बागेतल्या सावलीत एफ २.८ (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि १/५०० सेकंदावर पुढचा घड स्पष्ट येतो व मागची झाडे धूसर होतात. पुढे एफ ४, ५.६, ८, ११ असे सरकताना दर टप्प्याला आत येणारा उजेड निम्मा होतो, म्हणून शटरचा वेळ दुप्पट करावा लागतो. एफ ११ ला ओळ दूरवर स्पष्ट होते खरी. पण शटर तोवर १/३० वर आलेले असते आणि वाऱ्याने हलणारी केळीची पाने फराटल्यासारखी उमटतात. मग आयएसओ वाढवून दाणेदार चित्र पत्करायचे, की वारा पडण्याची वाट पाहायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. असा निर्णय स्वतः घेतल्याखेरीज पुस्तकातला तक्ता अंगी लागत नाही.

दुसरा सराव कपाशीच्या शेतात होतो आणि त्याबाबतीत खान्देशाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परतवणारे आहे, असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे वेचणीनंतर खळ्यात पडलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगाने चौकट भरली, की मापक फसतो, उजेड कमी करतो आणि कापूस मळकट दिसू लागतो. तेथे एक्स्पोजर एक ते दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवावे लागते. उलट नांगरलेली काळी जमीन तो फिकट, राखट करून दाखवतो. तेथे सुमारे एक स्टॉप कमी करावा, तेव्हा माती काळी दिसते. ढीग आणि जमीन यांची छायाचित्रे आधी मापकाच्या आणि मग आपल्या मताने काढून शेजारी ठेवली, तर मापकाचे किती ऐकायचे हे एका दुपारीच उमगते. (मे महिन्यातली आपल्याकडची दुपार मात्र यासाठी निवडू नये, कॅमेरा आणि माणूस दोघेही तापतात.)

उजेडाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. श्रावणात आपल्या खान्देशातील कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री समईच्या उजेडात बसलेल्या बायांवर फ्लॅश मारला, की तो पिवळा उजेड आणि सावल्या पार धुऊन निघतात. फ्लॅश बंद ठेवून, आयएसओ १६०० च्या आसपास नेऊन, कॅमेरा कशाला तरी टेकवून १/३० ला टिपावे. समईपासून एका हातावर असलेला चेहरा दोन हातांवर गेला, तर त्यावरचा उजेड निम्मा नव्हे, सुमारे चौथाई उरतो. हे वाचून पटत नाही, पण लागोपाठ दोन फोटो काढले की दिसते. लग्नाच्या मांडवातील काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतात, म्हणून जलद शटरला चित्रात आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ला ते बहुधा जातात. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई असल्यामुळे तेथेही असलेल्या उजेडावरच भागवावे लागते. त्या लेण्यांची छायाचित्रे टिपणारे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आपल्या भुसावळात आहे. त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अंधारात आयएसओ वाढवण्याची सोय नव्हती.

फोनवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर कायम असते आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी गणिताने तयार केलेली असते. शटर, आयएसओ व उजेड यांचे प्रयोग मात्र प्रो मोडवर, म्हणजे आकडे स्वतः ठरवता येणाऱ्या मोडवर, करता येतात.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे वाचकांची छायाचित्रे छापताना ही माहिती मागवून घ्यावी आणि दर महिन्याला एकच विषय द्यावा. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतला धावता घोडा द्यावा. तो १/१००० ला जागीच थिजतो आणि १/३० ला कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला तर मागची गर्दी रेघांसारखी पळते. शक्य झाल्यास निवडलेल्या छायाचित्राशेजारी त्याच वेळचे फसलेले छायाचित्रही लहान आकारात द्यावे. जागेची अडचण असेल, तर ‘एफ ८, १/२५०, आयएसओ १००, दुपारी चार, चोपडा’ एवढी एक ओळही पुरेशी आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, चोपडा (जि. जळगाव)