तुम्हा ४१६ जणांना

नमस्कार,

तुमच्यापैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. तुम्ही कॅनडा, अमेरिका आणि फ्रान्समधल्या हॉस्पिटलांत हृदयाच्या उपचारांच्या एका अभ्यासात भाग घेतलेले पेशंट आणि मी सांगलीची. पण बाबांच्या हृदयाचं काय करायचं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी आमच्यापुढे तुमचेच आकडे ठेवले. त्याचे आभार मानायला हे पत्र लिहिते आहे.

बाबांच्या अटॅकला बरीच वर्षं झाली होती. अँजिओप्लास्टी झाली, रक्तवाहिनी मोकळी झाली, पण जो स्नायू मेला तो मेलाच. तिथे व्रण राहिला, पंपिंग कमी झालं. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या हृदयात असा व्रण होता, तेव्हा पुढचं तुम्हाला नवं नाही. व्रणात सगळंच मेलेलं नसतं. जिवंत स्नायूचे बारीक धागे मधे मधे उरलेले असतात. त्यांच्यातून वीज फार सावकाश जाते, आणि ती बाहेर पडेपर्यंत शेजारचा स्नायू पुन्हा आकुंचन पावायला तयार झालेला असतो. मग ती त्याच वाटेने गोल फिरत राहते आणि ठोके बेफाम वाढतात. यालाच व्हीटी म्हणतात. छातीत बसवलेलं आयसीडी मशीन ते ओळखतं, आधी स्वतः भराभर ठोके देऊन ते चक्र तोडायला बघतं आणि नाहीच जमलं तर शॉक देतं.

शॉकने बाबांचा जीव वाचला, हे मी कधीच विसरणार नाही. पण पूर्ण शुद्धीत असताना तो बसला. बाबा म्हणाले, आतून बैलाने लाथ घातल्यासारखं झालं. त्यानंतर ते न्हाणीघराची कडी लावेनात, एकटे बाजारात जाईनात. आई रात्र रात्र त्यांच्या श्वासाकडे कान लावून असायची. मशीन तपासून आलो की सगळे म्हणायचे, ‘रिपोर्ट चांगला आहे ना, मग झालं तर.’ मला ते कधीच पटलं नाही. पुढच्या शॉकची वाट बघत जगणं हाही त्या दुखण्याचाच भाग आहे, आणि त्यावरही उपचार व्हायला हवेत.

वहिवाट अशी होती की आधी औषध, आणि औषध हरलं तर ॲब्लेशन. अमिओडॅरोन ठोके आवरतं, पण थायरॉईड, यकृत आणि फुप्फुसांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. सोटॅलॉल हे दुसरं औषध देताना किडनीकडे लक्ष ठेवावं लागतं. ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर हृदयात नेतात, आतून एकेका जागेची वीज मोजत पडद्यावर नकाशा तयार करतात आणि वीज जिथून फिरते ती वाट रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने जाळून बंद करतात. बाबांचा नकाशा डॉक्टरांनी आम्हाला नंतर दाखवला: निरोगी भाग जांभळा, व्रण लाल. इतक्या वर्षांचं दुखणं त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

औषध हरल्यावर ते आणखी वाढवण्यापेक्षा ॲब्लेशन बरं, हे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे डॉ. जॉन सॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासाने दाखवलं होतं. पण मुळात सुरुवातच ॲब्लेशनने केली तर? याचं ठाम उत्तर कुणापाशी नव्हतं, आणि ते तुमच्याशिवाय मिळणारही नव्हतं.

मला सगळ्यात जास्त विचार पडतो तो इथे. तुमच्यातलेही कित्येक शॉक खाल्लेले, घाबरलेले. अशा वेळी माणूस डॉक्टरांना म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुम्ही मात्र निवड चिठ्ठीवर सोडायला तयार झालात आणि त्या कागदावर सही केलीत. २०३ जणांच्या वाट्याला ॲब्लेशन आलं, २१३ जणांच्या वाट्याला औषध. आमच्या घरात कुणी अशी सही केली असती का, मला सांगता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आले. साधारण ४.३ वर्षांच्या काळात मृत्यू, व्हीटीचं वादळ (म्हणजे थोड्या वेळात पुन्हा पुन्हा येणारी व्हीटी), आयसीडीचा शॉक किंवा दवाखान्यात उपचार घ्यावे लागलेली व्हीटी, यांपैकी काही ना काही औषधवाल्या गटात ६०.६ टक्के लोकांना झालं, ॲब्लेशनवाल्या गटात ५०.७ टक्के लोकांना. नुसते मृत्यू बघितले तर ठाम फरक दिसला नाही. डॉक्टरांनी आम्हाला यातलं काहीही लपवलं नाही. ‘शंभरात दहा जणांचा फरक आहे, आणि ॲब्लेशन करूनही निम्म्यांना यांपैकी काही ना काही झालंच,’ हे त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. बाबांना ते आवडलं. खोटी आशा त्यांना सहन होत नाही.

तुमच्यातले दोघं ॲब्लेशननंतर तीस दिवसांच्या आत गेले. औषधाच्या गटातल्या एकाचा मृत्यू औषधाने फुप्फुसं बिघडून झाला. या तिघांच्या घरच्यांना मला वेगळं काही म्हणायचं आहे, पण ‘आभार’ म्हणताना जीभ अडखळते. तुमच्या माणसाचं जे झालं ते आमच्यापर्यंत पोहोचलं. फॉर्मवर सही करण्याआधी आम्ही ते ऐकलं, त्यावर विचार केला आणि मगच हो म्हटलं.

औषधाच्या गटातल्या बाकीच्यांचेही तेवढेच आभार. जिंकलेल्या बाजूचं कौतुक सगळे करतात, पण तुम्ही गोळ्या घेत, त्यांचे त्रास सोसत तिथे थांबला नसतात, तर तुलना कशाशी करणार होते?

बाबांनी ॲब्लेशन निवडलं. ते बराच वेळ चाललं. नंतर पाय सरळ ठेवून पडून राहणं त्यांना जड गेलं, जांघेत मोठा काळानिळा डाग उठला आणि तो सावकाश विरला. मशीन छातीत आहेच, तपासण्याही चालू आहेत. पुन्हा व्हीटी येणारच नाही असं कुणी म्हटलेलं नाही. अजून तरी शॉक बसलेला नाही. सकाळी ते एकटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येतात, आणि आता ते निघाले की आई दारात उभी राहत नाही.

तुमच्यातले जे आहेत त्यांना, आणि जे गेले त्यांच्या माणसांना, आमच्या घरातल्या सगळ्यांचा नमस्कार.

आपली कृतज्ञ,
सांगलीच्या एका पेशंटची मुलगी