बाइंडर काका, ते पाकीट मी उघडलं

ती. स्व. काका यांस,

शि. सा. न. वि. वि.

हा मायना मी आईच्या पिशवीतल्या जुन्या पत्रांवरून उचललाय. एरवी मी 'हाय सर'वाली. तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवणार आहे. त्याला मी आधीच विचारून ठेवलंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण दुकानात येऊन 'थँक यू काका' म्हटलं की तुम्ही मान न वर करता 'बरं बरं' म्हणणार आणि पुढच्या वह्या ओढणार.

प्रबंधांच्या दिवसांत तुमच्याकडे पोरांची रांग असते, म्हणून ओळख सांगते. शुक्रवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली आलेलं असताना वाकून आत शिरलेली, बगलेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं बाड असलेली मुलगी. 'सोमवारी ज्यूरी आहे' (ज्यूरी म्हणजे आमच्या कामाची परीक्षा) एवढं एकच वाक्य तीनदा बोललेली. तुम्ही म्हणालात, "आधी चादर सोड."

त्या बाडात काय होतं ते तुम्ही पाहिलंतच. आमच्या डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला कोलाजची, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांची, मालिका करायची असते, निम्मी कागदावर, निम्मी संगणकावर. मी विषय घेतला होता आजीचा. आजी जाऊन दोन वर्षं झाली. आईकडे एका कापडी पिशवीत तिची आंतरदेशीय पत्रं, फाटके दिवाळी अंक, लग्नपत्रिका, कंडक्टरने भोकं पाडलेली एसटीची जुनी तिकिटं असं सगळं कोंबून ठेवलेलं होतं. आई म्हणाली, घेऊन जा, नाहीतरी वाळवीच खाणार. मी घेतलं आणि कापायला बसले.

आता ज्यांचे आभार मानायचे नाहीत, त्यांच्याबद्दल.

पहिलं कोलाज मी कॉलेजजवळच्या एका झगमगीत दुकानात लॅमिनेशनला दिलं होतं. एसी, काचेचा दरवाजा, आत गेलं की पायपुसणंसुद्धा डिझायनर. 'गरम लॅमिनेशन नको, कोल्ड करा' असं मी दोनदा सांगितलं. 'कोल्डच आहे मॅडम,' असं उत्तर मिळालं. त्या कोलाजमध्ये आजीच्या काळच्या छापील तिकिटांशेजारी मी माझी हल्लीची मशीनमधून निघणारी तिकिटं लावली होती. आजीचा प्रवास, माझा प्रवास, असं काहीतरी डोक्यात होतं. हल्लीची तिकिटं थर्मल कागदाची, म्हणजे त्यांना शाई नसतेच, उष्णता लागली की कागदच काळा होतो. रोलरमधून बाहेर आलं तेव्हा आजीची तिकिटं जशीच्या तशी होती, आणि माझी सगळी कोळशासारखी काळी. आजी पोचली, मी वाटेतच जळाले. काउंटरवरच्या माणसाने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "मटेरियल तुमचं होतं." पैसे पूर्ण घेतले. पिशवीही वेगळी लावली.

दुसरं कोलाज मी स्वतः चिकटवलं. रात्रभर उशांखाली दाबलं, तरी सकाळी पापडासारखं चारही बाजूंनी वर. वर्गात नेलं तर शिकवणारे म्हणाले, कन्सेप्ट स्ट्राँग नाही. काका, कन्सेप्ट नसेलही स्ट्राँग, पण कागद वाकला होता! तो का वाकला, हे मी विचारलं. उत्तर नाही आलं. आम्हाला सगळं शिकवलंय तसं. पिकासोने १९१२ साली चित्रावर मेणकापड चिकटवून कडेने दोर लावला, बर्लिनमध्ये हाना होख मासिकं कापायची, कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं आणि वेष्टनं गोळा करायचा. सगळं स्लाइडवर. स्लाइडवर कुणाचाच कागद वाकत नाही.

(आमच्या आजोळी देवघरावर रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तिच्या साडीवर पणजीने खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. जुन्या घरांतून अशी सजवलेली चित्रं पुष्कळ निघतात. त्याला कुणी कोलाज म्हटलं नाही, आणि ते वाकलंही नव्हतं. पणजीने कशाने चिकटवलं असेल, हा प्रश्न मला तुमच्या दुकानात यायच्या आधी कधी पडलाच नव्हता.)

तर तुमच्याकडे आले तेव्हा मी अशी होते. रडकुंडीला आलेली, आणि वरून थोडी आगाऊ. तुम्ही कोलाजकडे बराच वेळ नुसतं बघत राहिलात. मला वाटलं, आता 'हे काय आहे?' विचारणार. सगळे तेच विचारतात.

तुम्ही विचारलंत, "अक्षर कुणाचं?"

म्हटलं, आजीचं.

"बॉलपेन आहे. पळणार नाही. शाई असती तर हात लावला नसता मी." एवढं बोलून तुम्ही उठलात, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतलेत, बनियनला पुसलेत, पुन्हा बघितलेत आणि पुन्हा धुतलेत. तुमच्या नखांत खळ कायमची बसलेली आहे, ती काही जात नाही. पण तुम्ही प्रयत्न केलात. दोन महिने मी त्या पत्रांना टेक्स्चर म्हणत होते. वर्गातही सगळे तेच म्हणत होते, छान टेक्स्चर आहे, ओपॅसिटी कमी कर. ते कुणाचंतरी अक्षर आहे, हे विचारणारे तुम्ही पहिले.

पुढचं काम मला सगळं कळलं असं नाही, आणि इथे लिहीतही नाही, नाहीतर उद्या तुमच्या दारात आमचा अख्खा वर्ग उभा राहील. एवढंच लक्षात राहिलं की एका बाजूने चिकटवलं की कागद त्या बाजूला ओढतो, म्हणून पाठीमागूनही तेवढाच कागद द्यायचा, म्हणजे ओढाताण बरोबरीची होते. आणि कागदालासुद्धा आडवं-उभं असतं. तुम्ही नवीन कागदाचा कोपरा जिभेने ओला केलात, तो कुठल्या अंगाने वळतो ते पाहिलंत आणि कागद फिरवून ठेवलात. बघितलंत म्हणजे काय, डोळे माझ्याशी बोलण्यात होते, बघितलं बोटांनी. आम्हाला चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींबद्दल शिकवलंय. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी गेली आणि मग ते रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रं करू लागले. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं मी ते. हातांना दिसतं म्हणजे काय, ते त्या शुक्रवारी कळलं.

फेविकॉल बघून मात्र तुम्ही चिडलात. "हे लावलं की जन्मभराचं. खळ लावावी. चुकलं तर पाण्याने सुटते." संगणकावर आम्ही दिवसभर चूक मागे घ्यायला कंट्रोल झेड दाबत असतो आणि कागदाला ते नाही म्हणून हळहळतो. तुमच्या पातेल्यात ते कधीपासून शिजतंय, मैद्याचं, मोरचूद घातलेलं. मी वडापाव काढला तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडलात, "हात धू आधी, विष आहे ते!"

आणि माझे प्रिंट. ते आठवलं की अजून हसू येतं. डिजिटल कोलाज मी पत्रं आणि दिवाळी अंक स्कॅन करून केली होती. जुन्या छपाईतले ठिपके स्कॅनरमध्ये जाळीसारखे उठतात, ते घालवायला मी रात्री घालवल्यात. कागदाच्या प्रत्येक तुकड्याखाली बारीक सावली दिली होती. आमच्याकडे एक जण म्हणाला होता, सावल्या फेक वाटतात. तुम्ही तो प्रिंट उचललात, चष्मा कपाळावर नेलात आणि एका तुकड्याचा कोपरा अंगठ्याने दाबलात. मग पुन्हा दाबलात. "हा बसत नाहीये," म्हणालात. काका, तो कोपरा नव्हताच! छापलेली सावली होती ती. मी सांगितल्यावर तुम्ही प्रिंट तिरका धरून पाहिलात आणि नुसतं "हं" केलंत. ज्यूरीत मला बी प्लस मिळाला. तुमचा अंगठा मी त्याच्या वर धरते.

आता मुद्द्याचं.

कोलाज चौकोनात नव्हतं, तिरपं झालं होतं. पुठ्ठ्यावर चढवायच्या आधी कडा कापून घ्यायला मीच सांगितलं होतं. तुम्ही कटिंग मशीनखाली कागद सरकवून विचारलंत, "उजवीकडून दोन सूत जाईल. चालेल?" मी फोनमध्ये होते. कुणाला काय मेसेज करत होते ते आता आठवतही नाही. म्हटलं, चालेल. तुम्ही परत विचारलंत, "बघ, जाईल हं." मी म्हटलं, काका चालेल, मार्जिन आहे ते.

शनिवारी रात्रभर शिकंज्यात राहून रविवारी ते हातात आलं तेव्हा काचेसारखं सपाट होतं. तुम्ही साठ रुपये घेतलेत, पुठ्ठ्याचे. मजुरी विचारली तर म्हणालात, मजुरी काय, दाबून तर ठेवलं. बरोबर एक पाकीट दिलंत, कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचं उरलेलं, गणपती छापलेलं. मला वाटलं बिल असेल. ते बॅगेत टाकलं आणि विसरले. ज्यूरी झाली, दोन दिवस झोपले, आणि मग बॅग धुवायला काढली तेव्हा ते सापडलं.

आत कापलेल्या चार पट्ट्या होत्या, मध्ये एकदा दुमडलेल्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने तुमचं अक्षर: वर. खाली. डावी. उजवी. 'उजवी'च्या खाली रेघ मारलेली.

उजवीवर आजीची एक ओळ होती. आंतरदेशीय पत्रात जागा संपली की ती माणसं पत्र आडवं धरून समासात लिहायची, तशी. दोन महिने ते पत्र माझ्या टेबलावर होतं. सहाशे डीपीआयवर मी ते स्कॅन केलं होतं, पडद्यावर नखाएवढी अक्षरं हाताएवढी करून त्यावरचे डाग काढले होते. ती ओळ मी वाचली नव्हती. तुम्ही मशीनची मूठ खाली ओढायच्या आधी वाचली होती. म्हणून दोनदा विचारलंत.

तुम्ही मला तेव्हाच सांगू शकला असता. 'अगं, यावर लिहिलंय बघ, कळत नाही का?' आमच्याकडे असं सांगणारे खूप आहेत, आणि सांगताना चार लोक ऐकतील असं सांगतात. तुम्ही पट्ट्या केरातून बाजूला काढल्यात, त्या कुठल्या बाजूच्या ते लिहून ठेवलंत आणि गप्प बसलात. त्या रात्री तुमच्या मशीनखाली शेकडो पट्ट्यांचा ढीग होता, मी पाहिलाय. त्यातून या चार.

हे लिहायला घेतल्यापासून मला अशीच माणसं आठवतायत. दुकानातला कागद दाखवताना तो फक्त कडेला धरणारा तो चौकातला म्हातारा. सुट्टे नाहीत म्हटल्यावर तिकिटामागे बाकी लिहून देणारा आणि उतरताना आठवणीने हाक मारणारा कंडक्टर. वस्तू दुसऱ्याची आहे हे ज्यांच्या हातांना माहीत असतं अशी. ती कुठल्या कॉलेजात शिकतात, कुणास ठाऊक. आमच्या कॉलेजची फी मात्र सालाबादप्रमाणे वाढली आहे.

चारही पट्ट्या मी स्कॅन केल्या. कागदावरच्या कोलाजला त्या परत जोडल्या नाहीत, ते तुम्ही कापलंत तसंच आहे, पुठ्ठ्यावर. पण संगणकावर मी तेच कोलाज नव्याने मांडलं आणि त्यात चारही बाजू जिथल्या तिथे लावल्या. त्यामुळे आता ते चारही अंगांनी मोठं आहे आणि थोडं तिरपं आहे. सावली कुठेच दिलेली नाही. त्याचा प्रिंट घेऊन येत्या मंगळवारी येते. अंगठा लावून बघा.

मजुरीही त्या दिवशी घ्यावी लागेल. नाही म्हणालात तर तुमच्या मुलाकडे देणार आहे. त्याच्याशी बोलणं झालंय.

आपली,
चादरवाली मुलगी

ता. क. समासातली ओळ अशी होती: 'लोणचं संपलं की बरणी पाठव, झाकण विसरू नको.' आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, बरणी अजून माझ्याकडेच आहे, त्यात डाळ असते. झाकण हरवलं.